आयदान विणणाऱ्या आईची लेक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणे करण्याची मला मुळीच सवय नाही. मंडळात इतकी वर्षे मी काढली ती जमाखर्चाच्या वहीत डोके घालून आणि सहलीच्या बसमध्ये माणसे मोजून. पण आमच्या चिटणीसबाईंचा हट्ट तुम्हांला ठाऊकच आहे. त्यांनी मला जिन्यात गाठले आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही एखाद्या परदेशी लेखिकेवर बोला. तुमच्या घरी ती इटालियन बाईची पुस्तके आहेत ना?"

पुस्तके माझी नव्हेत, सूनबाईंची. लेखिकेचे नाव एलेना फेरान्ते. मी त्यांतले एक इंग्रजीतून वाचले, शब्दकोश शेजारी ठेवून. नेपल्स शहरातल्या गरीब वस्तीत वाढलेल्या दोन मैत्रिणींची ती कथा आहे. चार भागांत, २०११ ते २०१४ या वर्षांत ती बाहेर आली. वाचताना गिरणगावातल्या चाळीची आठवण यावी अशी भांडणे, तशीच माया. पण गंमत पुढेच आहे. ही बाई कोण, हे तिने सांगितलेलेच नाही! नाव टोपण. पहिली कादंबरी १९९२ साली आली तेव्हापासून सभा नाही, सत्कार नाही, फोटो नाही. कोणाला काही विचारायचेच असेल तर लेखी विचारावे, ती लेखी उत्तर देते. पुस्तक लिहून झाल्यावर त्याला लेखकाची गरज उरत नाही, असे तिचे म्हणणे. जगभर वाचक मिळाले, मोठे नाव झाले, आणि बाई पडद्याआडच. शेवटी २०१६ साली तिथल्याच एका पत्रकाराने पैशांच्या आणि घरखरेदीच्या नोंदी धुंडाळून ही अमुक बाई असे जाहीर केले. त्यावर वाचकच त्याच्यावर रागावले. तिने काय चोरी केली होती, म्हणून तिच्यामागे पोलिसासारखे लागायचे?

मी चिटणीसबाईंना होकार दिला खरा, पण टिपणे काढायला बसले आणि पेन अडले. नाव शोधून काढायची ही खोड इटलीतच आहे असे थोडेच! आपल्याकडे तर शेजारी नवे बिऱ्हाड आले की सामान वर चढण्याआधी आडनाव खाली पोचलेले असते. आणि मग मला आपल्या रत्नागिरीची एक लेखिका आठवली, जिने याच्या अगदी उलट केले. स्वतःचे, आईचे, नवऱ्याचे, जातीचे, सगळे जसेच्या तसे आपल्या नावाने लिहिले. तेव्हा नेपल्स राहू द्या. मी आज उर्मिला पवार यांच्याविषयी बोलणार आहे. चिटणीसबाई, क्षमा असावी. परदेशी लेखिका पुढच्या वर्षी.

पावसाळा लागला की आपल्या खारघरच्या डोंगरावरच्या वाड्यांतून बायका भाजी घेऊन खाली येतात. शेवळे, टाकळा, कर्टोली. डोक्यावर पाटी, पाटीवर प्लॅस्टिकचा कागद. आपण छत्री सावरीत उभ्या राहतो आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. ती बाई किती वाजता निघाली असेल, वाट किती निसरडी असेल, हे मी तरी कधी विचारले नव्हते. 'आयदान' या आत्मचरित्राची सुरुवात अशाच बायकांपासून होते. रत्नागिरीजवळ फणसवळे नावाचे गाव आहे, ते उर्मिलाताईंचे गाव. १९४५ सालचा त्यांचा जन्म. त्या गावच्या बायका मान मोडून जाईल एवढे ओझे घेऊन, लाकडाचे भारे, गवत, तांदूळ, आंबे घेऊन, डोंगर चढत उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जात. वाटेत त्या कोणाला शिव्या देत माहीत आहे? ज्या पूर्वजाने बाजारापासून इतक्या दूर, असल्या आडजागी वस्ती केली, त्याला! मी हे वाचून मोठ्याने हसले, आणि पुढच्याच पानावर हसू मावळले. पुस्तकभर असेच होते.

'आयदान' म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. सूप, रोवळी, टोपली, परडी, सगळे त्यात आले. घाटावर हे काम बुरुडांचे. कोकणात ते महार समाजाकडे होते. उर्मिलाताईंचे वडील शिक्षक होते. मुले शिकावीत म्हणून त्यांनी गाव सोडून रत्नागिरीत बिऱ्हाड केले, आणि ताई तिसरीत असताना ते वारले. मुलांना शिकवायचे, एवढे एकच ते बायकोला बजावून गेले. ती बाई त्या दिवसापासून आयदाने विणायला बसली ती उठलीच नाही म्हणाना. मोठा मुलगा गेला, तरी तिचे हात थांबले नाहीत. रडायची ती विणता विणताच.

विणलेली सुपे, टोपल्या घरोघर पोचवायचे काम लेकीकडे. घरातल्या बायका तिला पायरीखाली उभे करीत. सूप खाली ठेवायचे, मग त्यावर पाणी शिंपडायचे, मग ते घरात घ्यायचे. पैसे वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून.

भगिनींनो, इथे मी पुस्तक मिटले होते. माझे माहेर राजापूर तालुक्यातले. आमच्या अंगणातही सूप घेऊन एक बाई येई, तिच्याबरोबर कधी कधी तिची मुलगी असे, माझ्याच वयाची. सुपावर पाणी शिंपडायचे काम आमच्या आजीने माझ्याकडे दिले होते. मला ते फार आवडे! तांब्यातले पाणी ओंजळीत घ्यायचे आणि उडवायचे. लहान मुलाला तो खेळच. त्या मुलीच्या अंगावरही एखाद्या वेळी थेंब जात आणि मी हसत असे. साठ वर्षांत ही गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती. पायरीच्या वर मी होते आणि पायरीखालच्या मुलीने पुस्तक लिहिले, असे मला वाटले. तीच मुलगी नव्हे हे मला कळते. पण त्याने फारसा फरक पडत नाही.

आता त्यांच्या शाळेची एक हकीकत सांगते, कारण त्यात आई कशी होती ते कळते. शाळेत शेण काढायचे काम गुरुजी नेमके हिला सांगत. एक दिवस तिने नकार दिला, गुरुजींनी मुस्कटात मारली. घरी जाऊन तिने आईला सांगितले. आई दारात विणीत बसलेली. आपल्यासारखी बाई असती तर म्हणाली असती, "जाऊ दे, गुरुजींच्या तोंडाला लागू नको." गुरुजी त्या रस्त्याने जाताना दिसले तसे तिने त्यांना भर रस्त्यात अडवले आणि सुनावले, की मी विधवा बाई इथे बसून हात फोडून घेते ते हिने शिकावे म्हणून, आणि तुम्ही तिला शेण काढायला लावता! पुन्हा हात लावून तर बघा. त्यानंतर त्या मुलीच्या वाट्याला शेण आले नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईने शिक्षणाचा इतका सरळ अर्थ लावलेला मी दुसरीकडे वाचला नाही.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धर्मांतर केले आणि पुढे ती लाट रत्नागिरीपर्यंत आली. घरातले देव गेले, बुद्धवंदना आली. ताई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. देव हलले तेव्हा लहान मुलांना भीती वाटते, थोडी गंमतही वाटते, हे त्यांनी काही न लपवता लिहिले आहे. असल्या ठिकाणी त्यांचा मला फार विश्वास वाटतो. मोठ्या घटनेत त्या उगाच मोठा आवाज काढीत नाहीत.

लग्न झाले, मुंबईला आल्या, सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केली. मुले, लोकल, स्वयंपाक, आणि या सगळ्यात मराठी घेऊन एम. ए. केले. नवऱ्याचे प्रेम होते, ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. पण बायको सभांना जाऊ लागली, लिहू लागली, लोक तिला नावाने ओळखू लागले, तसे तेच प्रेम आखडत गेले, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने लिहिले. घराकडे दुर्लक्ष न करता काय ते करा, ही अट आपल्यापैकी कोणाला नवी आहे? मंडळाच्या सभेला साडेचारला यायचे तर रात्रीची कणीक तीनला मळून ठेवणाऱ्या बायका इथे बसल्या आहेत. हसू नका, मीही त्यांतलीच!

मुंबईतही जात मागे राहिली नव्हती. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी आल्या. एकीची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली आणि त्यानंतर तिचे येणेच तुटले. रत्नागिरीची पायरी मुंबईत फोटोच्या चौकटीत येऊन बसली होती, इतकेच. पुढे त्यांचा तरुण मुलगा गेला. त्यावर मी इथे बोलणार नाही. ती पाने ज्यांनी त्यांनी एकटीने वाचावीत. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे त्यांनी जे म्हटले आहे ते या दोन्ही आयांचे दुःख कळल्यावरच पुरते कळते.

त्यांची पुस्तके सांगायला हवीत. 'सहावं बोट' हा पहिला कथासंग्रह १९८८ चा. नंतर 'चौथी भिंत'. 'कवच' नावाची त्यांची एक कथा आहे. आंबे विकायला बसलेल्या आईशी गिऱ्हाईक पुरुष कसे दुहेरी अर्थाने बोलतात, ते तिच्या शाळकरी मुलाच्या कानांनी आपल्याला ऐकू येते. आंब्याच्या दिवसांत ती जरूर वाचा. पाटीपाशी उभे राहणारे पुरुष तुम्हांला वेगळे दिसू लागतील. १९८९ साली मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. बाबासाहेबांच्या चळवळीत ज्या बायका होत्या, त्यांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांचे तोंडचे शब्द लिहून घेतले. नोकरी सांभाळून हे काम! त्या म्हाताऱ्या बायका गेल्या असत्या तर सगळे त्यांच्याबरोबर गेले असते. मला विचाराल तर 'आयदान' इतकेच हे पुस्तक मोठे आहे, जरी त्याचे नाव कमी घेतले जाते.

'आयदान' २००३ साली ग्रंथालीने काढले. माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याहून आणि मग अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाकडून निघाला. सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणले. म्हणजे फणसवळ्याच्या बायकांनी पूर्वजाला दिलेल्या शिव्या न्यूयॉर्कपर्यंत पोचल्या. त्यांच्याआधी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आलेले होते. त्या पुस्तकांवाचून ही वाट झाली नसती, हे लक्षात असू द्यावे.

आता थोडे अवघड बोलते. 'आयदान'ला पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेने लक्ष्मीबाई टिळक यांच्या नावाचा पुरस्कार दिला. उर्मिलाताईंनी तो नाकारला. त्यांचे म्हणणे असे, की समारंभाची सुरुवात सरस्वतीच्या वंदनाने करणे म्हणजे मराठी साहित्याला एकाच धर्माच्या प्रतिमा चिकटवणे आहे. तसे पत्र त्यांनी परिषदेला लिहिले.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी रागावले. खोटे कशाला बोलू? कोणी मानाने बोलावले तर त्याच्या देवघराला नावे ठेवायची, हे कोणते वळण, असे मला वाटले. मी स्वतः रोज सरस्वतीला नमस्कार करते, उद्याही करीन. पण दोन दिवसांनी भाजी निवडताना एक गोष्ट मनात आली. पुरस्कार कोणाच्या नावाचा? लक्ष्मीबाई टिळकांच्या. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. आणि लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या होत्या! त्यांच्या नावाचा पुरस्कार घ्यायचा आणि घेताना सरस्वतीला वंदन करायचे, ते त्या बाईने तरी केले असते का? ज्यांना सरस्वतीच्या नावाने शाळेच्या पायरीवरच अडवले, त्यांच्या मुलीने विद्येच्या घरात शिरताना विचारले, की हे घर सगळ्यांचे की तुमचे? प्रश्न उद्धट नाही. उशिरा विचारलेला आहे, इतकेच.

आज आपल्या कार्यक्रमाची सुरुवातही सरस्वतीच्या तसबिरीपुढे दिवा लावूनच झाली. हार मीच आणला होता. हा विषय मी जुलैच्या कार्यकारिणीत मांडणार आहे. काय ठरेल ते ठरो. माझे एक मत आहे, तुमची वेगळी असतील, आणि वाद होईल. होऊ द्या. एरवी आपण वाद घालतो तो सहलीच्या बसमध्ये खिडकी कोणाला यावरून.

पुरस्कार नाकारल्याने ताईंचे नुकसान झाले की मान वाढला, हे मला सांगता यायचे नाही. लेखकाची समाजातली जागा म्हणजे काय, त्याचा मला एवढाच अर्थ कळतो, की तिच्या शब्दाने माझ्यासारखीला आपले घर नव्याने पाहावे लागले. तेव्हा माझ्या घरातलेच सांगते आणि पुरे करते.

आमच्या इमारतीत तीन वर्षांपूर्वी एक बाई राहायला आली. मंडळात दोनदा आली, गाणे छान म्हटले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिच्याशेजारी बसले होते. गाव विचारले, तिने सांगितले. आडनाव विचारले, सांगितले. त्यावरून मला काही उमगेना, म्हणून माहेरचे आडनाव विचारले. तेही तिने सांगितले. मी म्हणाले, "असं होय." एवढेच दोन शब्द. नंतर ती मंडळात दिसली नाही. ऑफिसातून उशीर होत असेल, पेंढरपर्यंत मेट्रो झाली तरी दगदग ती दगदगच, असे मी इतरांना सांगत असे.

'आयदान' वाचून संपले आणि मी तिच्या दारी गेले. तिने आत घेतले, चहा केला. मी म्हणाले, "त्या दिवशी मी नको ते विचारलं. चुकलं माझं." ती म्हणाली, "काकू, आडनाव सगळेच विचारतात, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही 'असं होय' म्हणालात, आणि मग माझा तिळगूळ तुम्ही पलीकडच्या बाईंच्या हातात दिलात, मला द्या म्हणून."

मला हे आठवत नव्हते. मी घरी येऊन रात्रभर आठवून पाहिले, आजही आठवत नाही. हातात ताट होते, गर्दी होती, काही कारण असेल. पण तिला आठवते. आणि सुपावर पाणी उडवणारा हात कोणाचा होता ते मला माहीत आहे, म्हणून मी तिच्या आठवणीवर विश्वास ठेवते.

हे सभेत सांगू का, असे मी तिला विचारले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नाव घेऊ नका. पण तिळगुळाचं सांगा." म्हणून सांगितले. तिला मी आजच्या कार्यक्रमाचे निमंत्रण दिले आहे. ती येईन म्हणाली नाही, येणार नाही असेही म्हणाली नाही. कृपा करून कोणी ती कोण, कितव्या मजल्यावरची, याचा तपास करू नये. इटलीतल्या त्या पत्रकाराची गोष्ट मी त्यासाठीच आधी सांगितली.

मंडळाच्या कपाटात 'आयदान'च्या दोन प्रती आजपासून ठेवल्या आहेत, 'आम्हीही इतिहास घडवला'ची एक. त्यांचे पैसे मी दिले आहेत, खजिनदारबाईंनी खर्चात धरू नयेत. नेताना वहीत नाव लिहावे आणि पंधरा दिवसांत परत करावे. नुसते नाव लिहिले तरी चालेल; वहीतला आडनावाचा रकाना मी खोडून टाकला आहे.